धनुष्कोडीचें स्टेशन

रामेश्वराच्या बेटाच्या अगदीं पूर्वेच्या टोंकास धनुष्कोडी म्हणून एक मोडकें गांव आहे. अलीकडे त्याचा उल्लेख जेथें जेथें येतो तेथें 'भुतांचें गांव' हें विशेषण त्याला चिकटलेलें आढळतें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांना गेल्या सत्रांत आपल्या देशाच्या पूर्वकिनाऱ्यावर टिपणें लिहावयास सांगितलीं, तेव्हां बारा जणांनीं धनुष्कोडीची निवड केली आणि बाराही जणांनीं तेंच विशेषण योजिलें. त्यांपैकीं दोघांनीं तर मध्यरात्रीं तेथें आगगाडीची शिटी ऐकूं येते असें छातीठोकपणें लिहून दिलें. मुलांवर रागावण्याचें कारण नाहीं. तीं जें पाहतात व ऐकतात तेंच लिहितात. परंतु या विशेषणाविरुद्ध मला तक्रार नोंदवावयाची आहे, आणि ती केवळ शब्दाविषयींची नाहीं. ज्या गांवाला आपण भुतांचें म्हणून मोकळे होतों त्या गांवीं एक रेल्वे-स्टेशन होतें. तें पन्नास वर्षें चाललें. आणि त्या पन्नास वर्षांत तेथून कोण गेलें व कोण आलें याचा विचार केला तर भुतांना तेथें फारशी जागा उरत नाहीं.

धनुष्कोडी हें नांव संस्कृत 'धनुष्कोटि' याचें तमिळ रूप होय. धनुष्याचें टोंक असा त्याचा अर्थ. लंकाविजयानंतर बिभीषणाच्या विनंतीवरून रामानें आपल्या धनुष्याच्या टोंकानें सेतु मोडला, अशी कथा त्या जागीं सांगतात. नकाशा उघडून पाहिला तर तें नांव आणखी एका अर्थानें यथार्थ वाटतें. पांबनपासून निघालेली भूमि पूर्वेकडे निमुळती होत होत शेवटीं वाळूची एक चिंचोळी जीभ बनून समुद्रांत शिरते. तिच्या उत्तरेस पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेस मन्नारचें आखात, आणि समोर लंकेतील मन्नार बेटापर्यंत उथळ पाण्यांतून गेलेली वाळूच्या दांड्यांची ओळ. उत्तरेचें पाणी बहुधा संथ असतें, दक्षिणेचें खवळलेलें. आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास तीं दोन्ही एकाच वेळीं दिसतात.

आपल्या महाराष्ट्रास हें टोंक अगदींच परकें नव्हतें. काशीयात्रा केलेल्या मनुष्यानें सेतूची वाळू प्रयागास न्यावी व गंगेचें पाणी रामेश्वरास आणावें, अशी जुनी चाल होती. पैठणच्या एकनाथांनीं अशीच भरून आणलेली कावड वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखीं रिकामी केली, ही गोष्ट ठाऊक नसलेलें मूल आपल्याकडे विरळा. ती कावड ज्या रामेश्वराकडे निघाली होती त्याच्यापलीकडे दहा-बारा मैलांवर हें धनुष्कोडी.

तथापि स्टेशन बांधलें गेलें तें यात्रेकरूंसाठीं नव्हे, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. पांबन स्टेशनावर दोन वाटा फुटत. रामेश्वराच्या देवळाकडे जाणारा तो फांटा होता; मुख्य मार्ग देवळास बगल देऊन थेट धनुष्कोडीस जाई. ज्यांनीं हा मार्ग आंखला त्यांचें लक्ष देवळावर नव्हतें. तें लंकेवर होतें. त्यापूर्वीं मद्रासहून लंकेस जाणारा उतारू आगगाडीनें तुतिकोरीनपर्यंत जाई व तेथून रात्रभराचा बोटीचा प्रवास करून कोलंबो गांठी. तो सागरी प्रवास तोडून वीसएक मैलांवर आणावा, या हेतूनें पांबनच्या खाडीवर पूल बांधण्याचें काम १९११ च्या ऑगस्टांत सुरू झालें आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं तो वाहतुकीस खुला झाला. सेतूच्या दांड्यांवरूनच रूळ टाकून गाडी सरळ लंकेंत न्यावी असाही एक बेत पुढें आला होता. तो खर्चापायीं मागें पडला, आणि म्हणून रूळ धनुष्कोडीच्या धक्क्यावर थांबले. हा थांबण्याचा मुद्दा मी पुढें पुन्हा काढणार आहें.

पांबनचा तो पूल सव्वा मैलाहून अधिक लांब, म्हणजे आजच्या मापानें दोन किलोमीटरांच्या वर. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतु होईपर्यंत समुद्रावरील त्याच्या लांबीचा दुसरा पूल आपल्या देशांत नव्हता. जहाजांना वाट देण्यासाठीं त्याच्या मधोमध शेर्झर नांवाच्या अमेरिकन एंजिनिअराच्या पद्धतीचे दोन पंख बसविलेले होते. जहाज आलें कीं माणसें यंत्राचे दांडे हातांनीं फिरवीत आणि ते पंख दोन्हीकडे वर उचलले जात. या पुलाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. येथें त्याचा एवढाच उल्लेख पुरे, कारण पूल हा वाटेचा भाग होता आणि वाटेचें प्रयोजन स्टेशनावर कळत असे.

मद्रासच्या एग्मोर स्टेशनांतून सुटणारी गाडी 'बोट मेल' या नांवानें ओळखली जाई. ती धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत येई, धक्क्यास बोट लागलेली असे, उतारू गाडींतून उतरून बोटींत चढे, पलीकडे तलैमन्नारला उतरे आणि तेथें उभ्या असलेल्या कोलंबोच्या गाडींत जाऊन बसे. मद्रास ते कोलंबो असें एकच तिकीट मिळे. या व्यवस्थेच्या पाठोपाठ त्या ओसाड वाळूवर पोस्ट आलें, जकातीची व बंदराची कचेरी आली, रेल्वेचें लहानसें इस्पितळ, प्राथमिक शाळा, धर्मशाळा, खाणावळी, देऊळ आणि चर्च हीं सर्व आलीं. वाळूवर गांव वसवूं नये हें आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेलें आहे. परंतु आगगाडी जेथें थांबते तेथें गांव वसतें, आणि तें वसतांना पायाखालीं काय आहे हें कोणी विचारीत नाहीं.

आतां या स्टेशनावर उतरणारीं माणसें कोण होतीं? साहेबलोक होते, व्यापारी होते, सेतुस्नानास आलेले यात्रेकरू होते. परंतु ज्यांच्यासाठीं हा सर्व खटाटोप प्राधान्येंकरून झाला तीं माणसें निराळीं होतीं. लंकेच्या डोंगराळ मुलखांत प्रथम कॉफीचे मळे झाले. १८६९ सालापासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडूं लागला, त्यानें ते मळे बुडविले, व त्यांच्या जागीं चहा आला. कॉफी असो वा चहा असो, राबणारे हात तमिळ प्रांतांतील गोरगरिबांचेच होते. प्रारंभींच्या काळांत हीं माणसें पडावांतून मन्नारच्या किनाऱ्यास लागत व तेथून रान तुडवीत पायीं मातळेकडे जात. तापानें, पटकीनें व उपासमारीनें त्या वाटेवर किती जण पडले याची गणना कोणी धड ठेवली नाहीं. पूल, स्टेशन आणि बोट हीं झाल्यावर ती पायपीट संपली, हा उपकार खराच. मात्र सुटकेची वाट तेवढी सोपी झाली नाहीं. 'कंगाणी' म्हणजे मजूर जमविणारा मुकादम. तो आगाऊ पैसे देऊन गांवोगांवचीं कुटुंबें गोळा करी, आणि तें देणें मनुष्य मळ्यावर पोहोंचण्याच्या आधींच त्याच्या नांवावर चढलेलें असे.

खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर, मंडपम् येथें लंका सरकारची छावणी होती. मजुरांस तेथें कांहीं दिवस अडकवून ठेवीत, रोग नाहीं ना हें पाहत, देवी टोंचीत, आणि मग पुढें धाडीत. प्रत्येकाजवळ पत्र्याचा एक बिल्ला असे. त्यावर जिल्ह्याची खूण व मळ्याचा आंकडा ठोकलेला असे. तो बिल्ला हेंच त्याचें तिकीट. तो पाहून वाटेचा खर्च मळ्याच्या खातीं मांडला जाई. म्हणजे एकाच गाडीनें व एकाच बोटीनें दोन प्रकारचे उतारू जात: एकाच्या खिशांत कोलंबोपर्यंतचें छापील तिकीट, दुसऱ्याजवळ पत्र्याचा आंकडा. मला पुष्कळदां वाटतें कीं, धनुष्कोडीविषयीं मुलांना कांहीं एकच गोष्ट शिकवावयाची असेल तर ती वादळाची नव्हे. ती या बिल्ल्याची शिकवावी. शिटीच्या गोष्टीनें अंगावर काटा येतो व जातो. बिल्ल्याची गोष्ट ऐकून मुलें प्रश्न विचारतात.

पुढील हकीकत राजकारणाची आहे. ती थोडक्यांत सांगतों. १९३९ सालीं हिंदुस्थान सरकारनें मजुरांस लंकेस जाण्याची मनाई केली. १९४८ सालीं लंका स्वतंत्र झाली, आणि त्याच सालच्या नागरिकत्वाच्या कायद्यानें मळ्यांवरील या लोकांपैकीं बहुतेकांना तिनें आपले म्हणावयाचें नाकारलें. भारतानेंही त्यांस आपले म्हटलें नाहीं. तीन-तीन पिढ्या डोंगरावर चहा खुडून जीं माणसें तेथलींच झालीं होतीं तीं अशा रीतीनें कोणाचींच उरलीं नाहींत. अखेरीस ३० ऑक्टोबर १९६४ रोजीं लालबहादुर शास्त्री व सिरिमावो बंडारनायके या दोन पंतप्रधानांनीं करार केला. त्यांत ९,७५,००० माणसांचा विचार झाला: ५,२५,००० भारतानें घ्यावीं, ३,००,००० लंकेनें ठेवावीं, आणि उरलेल्या १,५०,००० जणांचें मागाहून पाहूं. शाळेंत भागाकाराचें उदाहरण घालावें तसा तो मामला होता. हीं सव्वापांच लाख माणसें परत येणार ती वाट ठरलेलीच होती: तलैमन्नार, बोट, आणि धनुष्कोडीचें स्टेशन.

वाचकहो, ती तारीख मनांत ठेवा. करारास त्रेपन्न दिवस झाले आणि धनुष्कोडी बुडालें.

डिसेंबरच्या मध्यास अंदमानाच्या दक्षिणेकडील समुद्रांत उत्पन्न झालेलें वादळ बळावत पश्चिमेकडे आलें, लंकेच्या उत्तर भागावरून गेलें, आणि २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीं या वाळूच्या जिभेवर आदळलें. लाटा वीस फुटांहून उंच उठल्या असें सांगतात. त्याच रात्रीं बारा वाजावयास पांच मिनिटें असतांना ६५३ नंबरची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर पांबनहून निघाली होती. तिकिटें काढलेले ११० उतारू आणि रेल्वेचे ५ नोकर तींत होते. बिनतिकिटी किती होते हें कोण सांगणार! धनुष्कोडीचें स्टेशन कांहींशें यार्डांवर असतां सिग्नल मिळेना. तारा तुटलेल्या, दिवे गेलेले. गाडी अंधारांत थोडा वेळ उभी राहिली, मग ड्रायव्हरनें शिटी देऊन ती सावकाश पुढें काढली, आणि एका लाटेनें सबंध गाडी उचलून नेली. कोणीही वांचलें नाहीं. त्या वादळांत एकंदर १,८०० हून अधिक माणसें दगावलीं असा अंदाज सर्वत्र दिला जातो.

त्या ड्रायव्हरविषयीं कोणी म्हणतात, त्यानें थांबावयास हवें होतें. मला तसें म्हणवत नाहीं. मागें पाणी, पुढें पाणी, दोन्ही बाजूंस समुद्र, आणि डब्यांत शंभर माणसें. अशा वेळीं स्टेशनाकडे जाणें म्हणजे त्याच्या समजुतीनें आसऱ्याकडे जाणें होतें. तेथील आसरा त्या घटकेस उरलेला नव्हता, हें त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. आणि मुलांच्या टिपणांतील ती मध्यरात्रींची शिटी हीच असावी. खऱ्या मनुष्यानें खऱ्या संकटांत दिलेली. तिला करमणुकीचा विषय करणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

पांबनच्या पुलाचे १४५ पैकीं १२६ गर्डर वाहून गेले. उघडणारे पंख मात्र शाबूत राहिले. पूल दुरुस्त करण्याचें काम श्री. ई. श्रीधरन् या तरुण एंजिनिअराकडे आलें. सहा महिन्यांची मुदत प्रथम ठरली होती, ती वरिष्ठांनीं तीन महिन्यांवर आणली, आणि श्रीधरन् यांनीं समुद्राच्या तळांतून जुने गर्डर शोधून काढवून तें काम ४६ दिवसांत पुरें केलें. हेच श्रीधरन् पुढें कोकण रेल्वेचे प्रमुख झाले, म्हणून आपणां महाराष्ट्रीयांना त्यांची ओळख अधिक. ते पालघाटच्या बासेल मिशनच्या शाळेचे विद्यार्थी, हें आमच्यासारख्या शाळेच्या वार्षिकांत सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

पूल परत उभा राहिला, पण धनुष्कोडीचे रूळ परत पडले नाहींत. मद्रास सरकारनें तें गांव वस्तीस अयोग्य ठरविलें. गाडी रामेश्वरास थांबूं लागली, आणि तलैमन्नारची बोटही तेथूनच सुटूं लागली. करारान्वयें परत येणारीं माणसें याच बोटीनें आलीं. ज्यांच्या आजा-पणजानें मंडपमच्या छावणींत पत्र्याचा बिल्ला घेतला होता तीं नातवंडें त्याच वाटेनें उलट आलीं, आणि ज्यास 'परतणें' म्हणत त्या देशांत तीं जन्मांत प्रथमच पाय ठेवीत होतीं. त्यांतील पुष्कळांना निलगिरींत चहाच्याच सरकारी मळ्यांवर काम मिळालें. पुढें लंकेंत यादवी पेटली व १९८४ च्या सुमारास ती बोटही बंद पडली. मंडपमची छावणी मात्र रिकामी राहिली नाहीं. तेथें लंकेंतील तमिळ निर्वासित येऊन राहिले. आणि २०२२ च्या मार्चांत लंकेंत अन्नाचा व औषधांचा दुष्काळ पडला तेव्हां लहान मुलांसह कांहीं कुटुंबें मचव्यांतून धनुष्कोडीच्या टोंकाजवळच्या वाळूवर येऊन उतरलीं. स्टेशन जाऊन साठ वर्षें होत आलीं होतीं. वाट कांहीं गेली नव्हती.

आज तेथें काय उरलें आहे? स्टेशनाच्या इमारतीच्या कांहीं भिंती व कमानी, पाण्याच्या टांकीचा सांगाडा, पोस्टाच्या भिंती, आणि छप्पर उडालेलें चर्च. चर्चच्या वेदीमागची भिंत उभी आहे, व तिच्या वर उघडें आकाश. प्रवाळाच्या दगडाचें व चुन्याचें तें बांधकाम; खारें वारें तें वर्षानुवर्षें पोखरीत आहे. भोंवतीं कोळ्यांच्या झांवळ्यांच्या झोपड्या आहेत. हो, माणसें तेथें राहतात! सरकारनें गांव अयोग्य ठरविलें तरी समुद्रानें मासे देणें बंद केलें नाहीं, म्हणून कोळी परत आले. त्यांच्या बायका वाळूंत खड्डे खणून त्यांत झिरपणारें गोडें पाणी वाटीवाटीनें भरून घेतात. दोन खाऱ्या समुद्रांच्या मध्यें, हातभर खोलीवर गोडें पाणी लागावें, हें मला कोणत्याही भुताच्या गोष्टीपेक्षां अधिक आश्चर्याचें वाटतें. जेथें रोज चूल पेटते, जाळीं विणलीं जातात, मुलें जन्मास येतात, त्या गांवास भुतांचें म्हणणें म्हणजे तेथल्या मनुष्यांस मनुष्यांच्या गणतींतून वगळणें होय. आणि हें नुसतें बोलण्यापुरतें राहत नाहीं. जें गांव मेलेलें आहे असें एकदां सर्वांच्या मनांत ठसलें, त्यास नळ, दवाखाना व पक्कें घर द्यावें असें कोणास सुचत नाहीं.

२७ जुलै २०१७ रोजीं वाळूच्या टोंकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत, डांबरी सडक खुली झाली. पूर्वीं भरतीओहोटी पाहून मोठ्या चाकांच्या गाड्यांनीं जावें लागे. आतां मोटारींच्या रांगा लागतात. सडकेस माझा विरोध नाहीं; आजारी मनुष्यास रामेश्वरास नेणें तीमुळें सोपें झालें. परंतु सडकेनें आलेले लोक पडक्या कमानीखालीं उभे राहून स्वतःचीं छायाचित्रें घेतात, शिंपल्यांच्या माळा विकत घेतात, आणि अर्ध्या घटकेंत परत फिरतात. त्यांना दोष काय द्यावा? तेथें त्यांना वाचावयास मिळतें तें वादळाविषयीं. त्याआधींच्या पन्नास वर्षांविषयीं सांगणारें कोणी त्यांना भेटत नाहीं.

यानंतर रूळांचा प्रश्न निघाला. १ मार्च २०१९ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें रामेश्वर ते धनुष्कोडी या नव्या रेल्वेमार्गाची कोनशिला बसली: लांबी सुमारें १७ किलोमीटर, खर्चाचा अंदाज २०८ कोटि रुपये. पुढें तमिळनाडु सरकारनें पर्यावरणाच्या कारणास्तव जमीन देण्याचें नाकारलें व तें काम अडलें. यावर दोन्ही बाजूंनीं पुष्कळ लिहून आलें. रूळ व्हावेत असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. गरीब यात्रेकरूस मोटारीचें भाडें परवडत नाहीं, आगगाडी परवडते. शिवाय जें समुद्रानें नेलें तें आपण परत आणलें, यांत राष्ट्राचा कांहीं एक अभिमानही आहे. पांबनला तो अभिमान सार्थ ठरला आहे. तेथील शंभर वर्षांचा जुना पूल २०२२ च्या डिसेंबरांत गाड्यांना बंद झाला, आणि शेजारीं उभारलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजीं खुला झाला. त्याचा ७२ मीटरांहून लांब असा मधला भाग पाळण्यासारखा सरळ वर उचलला जातो.

असें असूनही धनुष्कोडीस रूळ नेऊं नयेत असेंच माझें मत आहे. एक तर ती भूमि भरवंशाची नाहीं. भूगर्भशास्त्रज्ञांच्या एका पाहणीप्रमाणें १९४८-४९ मध्यें, म्हणजे वादळाच्या पुष्कळ आधीं, धनुष्कोडीची दक्षिणेकडील बाजू कित्येक फूट खचून तिचा एक पट्टा समुद्राखालीं गेला होता. वादळानें जें एका रात्रींत केलें त्याची तयारी जमीन मुकाट्यानें करीत होती. दुसरें असें कीं, माणसें गेल्यावर तेथें दुसऱ्या रहिवाशांनीं वस्ती केली आहे. रोहित पक्ष्यांचे थवे हिवाळ्यांत त्या उथळ पाण्यांत उतरतात, समुद्रकांसवें वाळूंत अंडीं घालतात; २०२५ सालीं तमिळनाडु सरकारनें तेथील सुमारें ५२५ हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर केलें. परंतु हीं कारणें इतरांनींही सांगितलीं आहेत. माझें मुख्य कारण निराळें आहे. धनुष्कोडी हें कधींच शेवटचें स्टेशन नव्हतें. रूळ तेथें संपत, प्रवास संपत नसे. पुढें बोट होती, बोटीपुढें दुसरी गाडी होती. त्या बोटीपायींच तें स्टेशन होतें. बोट नाहीं आणि नुसतें स्टेशन बांधलें तर तें काय होईल? समुद्र पाहण्याचा सज्जा होईल. त्यासाठीं सडक पुरेशी आहे.

उद्यां कोणी तलैमन्नारची बोट खरोखरच सुरू केली, तर मी माझें मत बदलण्यास तयार आहें. तेव्हां धक्का कोठें असावा व रूळ कोठवर न्यावेत याचा विचार नव्यानें करावा लागेल. तसें घडणें अशक्यही नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें नागपट्टणम् ते कांकेसंतुरै अशी उतारूंची बोट सुरू झाली, म्हणजे दोन्ही सरकारांची इच्छा असली तर मधलें पाणी आड येत नाहीं.

तोंपर्यंत करण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि स्वस्त आहेत. स्टेशनाच्या उरलेल्या भिंतींना आधार द्यावा. नव्या सिमेंटाचा गिलावा मात्र चढवूं नये. कोळ्यांच्या वस्तीस नळ द्यावा, आणि तो पुरातत्त्वाच्या कामाआधीं द्यावा. त्यांच्यांत वृद्ध माणसें अजून आहेत. ज्यांनीं ती रात्र लहानपणीं पाहिली त्यांची सांगी कोणी तरी लिहून घ्यावी, कारण त्यांस आतां फार वर्षें उरलेलीं नाहींत. निलगिरींतील मळ्यांवरच्या घरांतूनही विचारपूस करावी. एखाद्या पेटींत पत्र्याचा बिल्ला अजून असेल, आणि त्याची खरी जागा धनुष्कोडीस आहे.

आणि स्टेशनाच्या कमानीजवळ एक फलक लावावा. त्यावर १९१४ पासून १९६४ पर्यंतची हकीकत थोडक्यांत असावी. ६५३ नंबरच्या गाडींतील ११० उतारू व ५ नोकर यांचा आंकडा असावा. नांवें मिळतील तितकीं नांवें असावींत. मंडपमच्या छावणीचा, बिल्ल्याचा आणि त्या सव्वापांच लाख माणसांचा उल्लेख असावा. भाषा तमिळ, सिंहली, हिंदी व इंग्रजी अशा चार असाव्यात. सिंहली कशाला, असें कोणी विचारील, तर त्यास पलीकडच्या तीराकडे बोट दाखवावें. तेथेंही यादवीच्या काळांत तलैमन्नारचे रूळ उखडले गेले होते व स्टेशन ओसाड पडलें होतें; भारताच्याच एका सरकारी कंपनीनें ते परत टाकले, आणि १४ मार्च २०१५ रोजीं तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंत गाडी पुन्हा सुरू झाली.